तुमची नर्सबाई : ओळखीची असावी, एकच असावी

साडी घ्यायची तर आपण चार दुकाने फिरतो. वर्षाचा गहू भरायचा तर दाणा दाताखाली फोडून पाहतो. मग ज्या बाईच्या हाती आपला आणि पोटातल्या बाळाचा जीव सोपवायचा, तिची आपल्याला कितपत ओळख असते? हा प्रश्न दिवस गेलेल्या दहाजणींना विचारा. बहुतेकींचे उत्तर ठरलेले : "जी ड्यूटीवर असेल ती!"

आपल्या आज्यांच्या वेळी असे नव्हते. मोसम नदीकाठचे नामपूर घ्या किंवा बागलाणातले दुसरे कुठलेही गाव घ्या, सुईण ठरलेली असायची. सासूची बाळंतपणे तिनेच केलेली, सुनेचीही तीच करणार. पाचवीच्या पूजेला तिचा मान असायचा. घरातल्या पोरीबाळींची नावे तिला पाठ असत. पण तिच्याजवळ रक्तदाब मोजायचे यंत्र नव्हते. अंगावरून जास्त जाऊ लागले तर थांबवायचे इंजेक्शन नव्हते. मूल आडवे आले की तिचे हात टेकत आणि घरातली माणसे देवावर भार टाकत. तेव्हा बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली हे चांगलेच झाले, त्याबद्दल दुमत नको. मात्र या बदलात एक चांगली गोष्ट हातची गेली, ती म्हणजे ओळख. ती आजच्या व्यवस्थेत परत मिळवता येते का? थोडी धडपड केली तर येते.

एकीनेच पाहण्यात एवढे काय आहे?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, तिसऱ्या महिन्यात तुमचा रक्तदाब १००/६० होता आणि आठव्यात तो १३६/८६ भरला. तुम्हाला प्रथमच पाहणारी सिस्टर म्हणेल, "ठीक आहे, १४०/९० च्या आत आहे." पण पहिल्यापासून तुम्हाला पाहणारी नर्सबाई थबकेल. "अहो, तुमचा एवढा कधीच नसतो! चेहराही सुजल्यासारखा दिसतोय. लघवी तपासू या, आणि आठ दिवसांनी नको, परवाच या." आकडा तोच, पण तुमचा आधीचा आकडा तिच्या ध्यानात होता म्हणून तिला त्याचा अर्थ कळला.

दुसरी गोष्ट बोलण्याची. अंगावरून पांढरे जाते, लघवीला जळजळते, घरात जेवणाची आबाळ होते, नवरा हात उगारतो, हे अनोळखी बाईपुढे कोण सांगणार? तिसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, हलकेच सांगितले जाते. त्यात भाषेचीही अडचण असते. आपल्या भागातली सासुरवाशीण "पोटमा दुखस" असे अहिराणीत म्हणते. बाहेरून बदलून आलेल्या सिस्टरला ते पहिल्या झटक्यात उमगत नाही, आणि पोरगी लाजून गप्प बसते.

हे नुसते मनाचे समाधान नाही. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१६ साली असे १५ प्रयोग तपासले. त्यांत १७ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांना सुरुवातीपासून त्याच प्रशिक्षित प्रसविकेने किंवा ओळखीच्या दोघी-तिघींनी पाहिले, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली आणि त्या स्त्रिया अधिक समाधानी होत्या. हे प्रयोग सुबत्तेच्या देशांतले होते हे खरे. पण आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ साली खास प्रसविका तयार करण्याचे धोरण आखले आहे. तशी प्रसविका आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. तोवर जे आहे त्यातून काय साधते ते पाहू.

आपल्याकडे 'ती' म्हणजे कोण?

गावातल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका, जिला आपण सगळे नर्सबाई म्हणतो, ती पहिली. तिची कागदोपत्री पदवीच 'सहायक परिचारिका प्रसाविका' अशी आहे. दुसरी आशाताई. २००५ नंतर नेमलेल्या या कार्यकर्त्या आपल्याच गावच्या, आपलीच बोली बोलणाऱ्या. तिसऱ्या म्हणजे नामपूरला आहे तशा ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर. त्या पाळीने कामावर असतात. त्यामुळे नऊ महिने ज्यांनी पाहिले त्याच नेमक्या कळांच्या वेळी हजर असतील, असा हट्ट धरता येत नाही. पण तपासणी एकीकडे आणि सोबतीला आशाताई, एवढे जरूर जमते. त्यासाठी :

• पाळी चुकल्याचे कळताच नाव नोंदवा, १२ आठवड्यांच्या आत. 'तिसरा संपेपर्यंत कुणाला सांगू नये' हा संकेत शेजारणींसाठी ठेवा, नर्सबाईंसाठी नको.

• नर्सबाईंचा तपासणीचा वार विचारून घ्या आणि त्याच वारी जा. त्यांचे आणि आशाताईंचे नाव, फोन नंबर कार्डावर लिहून ठेवा.

• निदान चार तपासण्या चुकवू नका. पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६ नंतर. याशिवाय चौथ्या महिन्यापासून पुढे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे.

• वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे आकडे कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. माणूस बदलले तरी कार्ड बोलते.

खाजगी दवाखान्यात नाव घातले असेल तर आधीच विचारा, रात्री-अपरात्री कळा आल्या तर कोण असेल, डॉक्टर गावातच राहतात का, आणि तिथल्या सिस्टर शिकलेल्या आहेत का? पांढरा कोट घातला म्हणजे प्रत्येकजण नर्स होत नाही!

आणि मध्येच माहेर!

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली गोड रीत. सातव्यात डोहाळजेवण होते, ओटी भरून लेक माहेरी जाते. पण नीट विचार करा. ज्या दिवसांत रक्तदाब चढण्याची भीती जास्त, नेमक्या त्याच दिवसांत आपण ओळखीची नर्सबाई सोडून परक्या दवाखान्यात उभ्या राहतो. रीत मोडायचे कारण नाही, फक्त आधी आखणी करा.

कुठे बाळंत व्हायचे ते पाचव्या महिन्यातच घरात ठरवा. सणावाराला माहेरी जाल तेव्हा तिथल्या नर्सबाईंना एकदा भेटून या, कार्ड दाखवा. निघताना सासरच्या नर्सबाईंकडून शेवटची तपासणी करून घ्या आणि काही सांभाळण्यासारखे असेल तर ते कार्डावर लिहून मागा. सोन्याचे दागिने बॅगेत खाली गेले तरी चालतील, कार्ड मात्र पर्समध्ये वर हवे. सरकारी दवाखान्यातल्या मोफत सोयी सासरी नाव घातले म्हणून माहेरी बुडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

नर्सबाई तुसडी निघाली तर?

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. नर्सबाई एकच हवी हे पटले, पण तीच वसकन अंगावर येणारी असेल तर? "एवढे प्रश्न कशाला? दुसऱ्या बायकांना मुलं होत नाहीत का?" "मागच्या वेळी सांगितलं ते कळलं नाही?" अशी बोलणी खाऊन आलेली बाई घरी येऊन मुकाट रडते आणि पुढच्या वारी जातच नाही. बायांनो, धोका आहे तो इथे! रक्तदाब चढला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही. रक्त कमी असले तरी 'थकवा आलाय' म्हणून आपण काम ओढत राहतो. रागावून तपासणी सोडली तर नर्सबाईचे काही बिघडत नाही, नुकसान आपले आणि बाळाचे होते. म्हणून पहिला नियम असा : माणूस बदला, दवाखाना बदला, पण तपासणीत खंड पडू देऊ नका.

दुसरे, रागावण्याचे दोन प्रकार ओळखा. "हिमोग्लोबिन सात झालं तरी गोळ्या खात नाहीस? मरायचंय का?" हे बोलणे कडू असले तरी त्यात काळजी आहे, आणि सात हा आकडा खरोखरच घाबरण्यासारखा आहे. गोळीने मळमळते म्हणून तुम्ही ती टाळत असाल तर तसे सांगा. रात्री जेवणानंतर घेऊन पाहायला त्या सांगतील. चहाबरोबर गोळी घेऊ नये, हेही अनेकींना ठाऊक नसते. एका नर्सबाईकडे सरकारी हिशोबाने ५ हजारांची वस्ती असते, आदिवासी भागात ३ हजारांची. शिवाय लसीकरण, क्षयरोग्यांच्या गोळ्या, ढीगभर रजिस्टरे. सकाळपासून चाळीस बायका तपासून तिचेही डोके तापलेले असते. हे समजून घ्यावे. पण अपमान सोसावा असा त्याचा अर्थ नाही.

मग करायचे काय? पायरीपायरीने जा.

घरून प्रश्न लिहून न्या, तीनच, आणि महत्त्वाचा आधी. गर्दी ओसरल्यावर शांतपणे म्हणा, "ताई, मला तुमच्याकडेच दाखवायचं आहे. पण तुम्ही रागावलात की मी विचारायचं विसरते. दोन मिनिटं मला नीट समजावून सांगाल का?" पुष्कळदा एवढ्याने काम होते. ज्या बाईला दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही, तिला नावानिशी 'ताई' म्हटले तर ती वर बघतेच. 'अडला हरी' म्हणून मनात कुढत बसण्यापेक्षा हे बरे.

तेवढ्याने न भागल्यास सासूबाई, जाऊ किंवा आशाताई यांना सोबत न्या. चारचौघींसमोर आवाज आपोआप खाली येतो. आशाताईंना दोन्ही बाजू ठाऊक असतात. त्या मध्यस्थी करतात किंवा कोणत्या दिवशी दुसऱ्या सिस्टर असतात ते सांगतात. त्याउपरही जमले नाही तर दुसऱ्या केंद्रात जा, कार्ड घेऊन. तसे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

काही गोष्टी मात्र अजिबात ऐकून घ्यायच्या नाहीत. हात उगारणे, जातीवरून बोलणे, मुलगी झाली म्हणून टोमणे मारणे, कळा देणाऱ्या बाईला एकटी टाकून निघून जाणे, पैसे मागणे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरापासून नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. तिथे 'खुशाली' मागायचा अधिकार कुणालाही नाही. तक्रार असेल तर तारीख, वेळ आणि घडले ते चार ओळींत लिहा. उपकेंद्राची तक्रार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करा, नाहीतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालयाची असेल तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि त्यावर नाशिकच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अर्जाची पोच घ्या. सही नवऱ्याची नको, तुमची असू द्या.

कळांच्या वेळी एकटी राहू नका

त्या रात्री सिस्टर कोण असेल ते आपल्या हाती नाही, पण सोबत कोण असेल ते आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या खोलीत सोबतीण ठेवायला मुभा दिली. अट इतकीच की ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, स्वच्छ कपड्यांत असावी आणि सिस्टरच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये. आई, मावशी, थोरली जाऊ, जिच्यामुळे तुम्हाला धीर येतो ती निवडा, आणि आठव्या महिन्यातच सिस्टरांना तसे सांगून ठेवा. पाठ चोळणारा एक हात जवळ असला की कळा सोसवतात. आणि शेजारी कुणी उभे असले की वाकडे बोलणाऱ्याची जीभही आवरती होते.

हे दिसले तर वार, ओळख, राग काही पाहू नका

अंगावरून रक्त जाणे, डोके सारखे ठणकणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड-हात सुजणे, झटका येणे, पाणी जाणे, ताप, पोटात असह्य दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे. यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात जी सिस्टर असेल तिच्या पुढे उभ्या राहा. त्या घटकेला तीच आपली!

बाळंत झाल्यावरही ही ओळख सोडू नका. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. "बाळंतीण झोपलीय" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नका. अंगावर पाजणे, बाळाची नाळ, तुमचे टाके आणि मनाची उदासी, सारे त्यांना दाखवा, सांगा. बारशाला चार बायका बोलवाल त्यांत नर्सबाईंनाही निरोप धाडा. गावात पुढच्या पोटुशीशी त्या दोन शब्द गोड बोलल्या, तर त्यात थोडा वाटा तुमचाही असेल.