घरगुती वेल्डिंग यंत्रासाठी तार व एम. सी. बी. यांची निवड

नवी मुंबईतील शिरवणे गावाला लागूनच औद्योगिक वसाहत आहे. १९७० नंतर नव्या शहरासाठी या परिसरातील शेतजमिनी संपादित झाल्या. अशा गावी घराच्या पडवीत लहान वेल्डिंग यंत्र ठेवून फाटके व जाळ्या जोडण्याचा जोडधंदा सोयीचा वाटतो. अन्यत्र शेतकऱ्यालाही नांगर किंवा ट्रॉली घरीच दुरुस्त करता यावी असे वाटते. परंतु हे यंत्र घरातील साध्या प्लगवर चालविणे धोक्याचे आहे.

एम. सी. बी. हा मुख्यतः तारेचा रक्षक होय. तारेतून सोसवेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की तो वीज तोडतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून एम. सी. बी. वारंवार पडतो एवढ्यासाठी, जुनी तार तशीच ठेवून, मोठा एम. सी. बी. कधीही बसवू नये. तसे केल्यास एम. सी. बी. पडत नाही आणि भिंतीतील तार मात्र जळते.

निवडीचा आरंभ यंत्रावरील पट्टीपासून करावा. तीवर वेल्डिंगचा प्रवाह व विजेच्या जोडणीतून घेतला जाणारा प्रवाह असे दोन निरनिराळे आकडे असतात. तारेसाठी दुसरा आकडा पाहावा. समजा, २३० व्होल्टवर यंत्र जास्तीत जास्त ३० अँपिअर घेते व दहा मिनिटांत अडीच मिनिटेच जोडकाम करण्याची त्याची क्षमता आहे. मधल्या विश्रांतीमुळे तारेवरील सरासरी तापाचा भार १५ अँपिअरइतकाच भरतो. तथापि काम करताना विश्रांतीचा नियम नेहमीच पाळला जात नाही. यास्तव पूर्ण ३० अँपिअर धरून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार, ३२ अँपिअरचा सी प्रकारचा दोन पोलांचा एम. सी. बी. आणि ३२ अँपिअरचाच औद्योगिक प्लग व सॉकेट योजावे. जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या यंत्रात सुरुवातीचा झटका मोठा असतो. त्यास डी प्रकार लागेल काय, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ठरवून घ्यावे.

तारेची लांबीही महत्त्वाची आहे. मीटरपासून यंत्र ३० मीटर दूर असल्यास ३० अँपिअर प्रवाहाला ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ६ व्होल्ट खर्च होतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत मात्र २२ व्होल्टांहून अधिक. मग ठिणगी नीट धरत नाही आणि तार तापते. तार गुंडाळून ठेवू नये; गुंडाळीतील उष्णता बाहेर पडत नाही.

एम. सी. बी. मनुष्याला विजेच्या धक्क्यापासून वाचवीत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. व चांगले अर्थिंग ही दोन्ही हवीत. लोखंडाला लावायचा वेल्डिंगचा चिमटा हे अर्थिंग नव्हे. यंत्राच्या पेटीस स्वतंत्र अर्थिंगची तार जोडलेली असावी. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जोडांवर कळंक चढतो व ढिला जोड तापतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर मुख्य वीज बंद करून जाणकाराकडून सर्व जोड तपासून घ्यावेत. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये.

असे यंत्र एकट्याने सुमारे ७ किलोवॅटपर्यंत भार घेऊ शकते. घराचा मंजूर भार त्याहून कमी असल्यास महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. धंद्यासाठी वापर असल्यास तशीच जोडणी मागावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यास खरेदीपूर्वीच तीन गोष्टी विचाराव्यात: पट्टीवरील प्रवाह किती, मीटरपासून अंतर किती आणि मंजूर भार किती. ही उत्तरे मिळाल्यावर आधी तार निवडावी, नंतर तारेला साजेसा एम. सी. बी. घ्यावा, आणि यंत्र सर्वांत शेवटी घरी आणावे.