टक्केवारीची पारख

नव्या दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जो रस्ता जातो, त्यास कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. दूरदर्शनची वास्तू याच रस्त्यावर आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही येथेच. त्यामुळे दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाच्या ओठी हे नाव सहज येते. कोपर्निकस म्हटला की आपणांस सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी आठवते. परंतु या ज्योतिर्विदाने पैशाविषयीही लिहून ठेवले आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. 1522 मध्ये प्रशियाच्या प्रांतसभेपुढे त्याने नाण्यांसंबंधीचे आपले विचार मांडले आणि 1526 मध्ये त्यांस निबंधाचे रूप दिले. त्या मुलखात नाण्यांतील चांदी उत्तरोत्तर कमी केली जात होती. छाप तोच, नाव तेच, आत मात्र तांबे अधिक. ज्यास पारख होती तो चोख नाणी बाजूस ठेवी आणि हिणकस नाणी चलनात लोटून देई. ज्यास पारख नव्हती त्याच्या पदरी तीच पडत.

हे सारे आज आठवावयाचे कारण आपल्या शाळांतले आहे. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांसाठी 2017 मध्ये नववीचे आणि 2018 मध्ये दहावीचे जे बीजगणिताचे पुस्तक निघाले, त्या दोहोंत ‘अर्थनियोजन’ नावाचे एकेक प्रकरण आहे. नववीच्या मुलास बचत, गुंतवणूक व प्राप्तिकर यांची ओळख होते. दहावीत वस्तू व सेवा कर, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, म्युच्युअल फंड या गोष्टी येतात. बीजगणिताच्या पुस्तकाने घरखर्चाचा उंबरठा ओलांडला, याचे कौतुक केले पाहिजे.

खरे पाहता ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकीत असत. साडेतीनचा पाढा कोणी हौसेने पाठ करीत नाही. बाजारात अडीच शेर धान्याचा हिशेब उभ्याउभ्या व्हावा यासाठी ती घोकंपट्टी होती. अलीकडच्या काळात कितीतरी शाळांनी ‘संचयिका’ नावाची बचतपेढी चालविली. पेढी मुलांची, व्यवहार पाहणारीही मुलेच, शिक्षक केवळ देखरेखीस. चार आणे, आठ आणे जमा करून पुस्तकात नोंद करून घेतल्याची आठवण माझ्या वयाच्या अनेकांना असेल. पुढे 2014 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना बचतखाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली.

हे सर्व शिक्षण बचतीचे झाले. माझी तक्रार इतकीच आहे की, कर्ज हा विषय मात्र या दोन्ही प्रकरणांत जवळपास पोरका राहिला आहे. दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी शेअर कधी येणार नाही. हप्ता मात्र येतो, आणि बहुधा आधीच आलेला असतो. शेतीसाठी, आजारपणासाठी, मोबाईलसाठी, बहिणीच्या लग्नासाठी.

येथे कोपर्निकसचे नाणे पुन्हा हाती येते. समजा, एका घराने वस्तू घेण्यासाठी 12,000 रुपये कर्जाऊ काढले. मुदत एक वर्ष, दर 12 टक्के. एक सावकार म्हणतो, 12,000 वर 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये व्याज. दरमहा 1,120 भरा. दुसरा म्हणतो, दरमहा मुद्दलाचे 1,000 रुपये फेडा आणि जेवढे मुद्दल उरेल तेवढ्यावरच महिन्याला 1 टक्का व्याज द्या. या दुसऱ्याचे व्याज पहिल्या महिन्यात 120, दुसऱ्यात 110, असे उतरत शेवटी 10 रुपयांवर येते. बेरीज केली तर 780. दोघांच्या तोंडी ‘12 टक्के’च. पण पहिला सावकार तुम्ही परत केलेल्या पैशावरही वर्षअखेरपर्यंत व्याज घेत राहतो. त्याचा खरा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. गावाकडे ‘शेकडा 3 ने पैसे घेतले’ असे म्हणतात, तेव्हा ते 3 दरमहा असतात. वर्षाचे 36 झाले. आठवीत चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलास हे गणित अवघड नाही. ते त्यास कोणी घातलेले नसते, एवढेच.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने बँका व वित्तसंस्थांवर असे बंधन घातले आहे की, किरकोळ कर्ज देताना ऋणकोला त्यास समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र द्यावे आणि सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर त्यात नमूद करावा. नोंदणी शुल्क, विम्याचा हप्ता, अशा आडवाटेने शिरणाऱ्या रकमा त्या एका आकड्यात उघड्या पडतात. गणिताच्या एका तासाला असे विवरणपत्र फळ्यावर उतरवून तो आकडा मुलांकडून शोधून घेता येईल. त्याच तासात हेही सांगावे की, मोबाईलवरून पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त अंक टाकावा लागत नाही. तो मागणारा पैसे देत नसून नेत असतो.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक पथ्य मात्र पाळावे. घरातले खरे कागद वर्गात मागवू नयेत. हप्ते थकलेल्या घरच्या मुलीस चारचौघांत तो कागद काढण्यास सांगणे हा दुष्टपणा होईल, आणि ती पुन्हा त्या तासाला तोंड उघडणार नाही. उदाहरण कल्पित असावे, आकडे सोपे असावेत. घरचा कागद ती रात्री स्वतःच काढून पाहील. त्यात काही खटकले, तर वडिलांबरोबर जाऊन तिने एकच विचारावे: मुद्दल फिटत जाईल तसे व्याज उतरणार आहे काय? उत्तर मिळेपर्यंत पुढच्या कागदावर सही होऊ नये.