महायुद्धातल्या बॉम्बरवाल्या आजोबांची नोंद कशी शोधावी?

आमच्या खानदानात एक गोष्ट कुजबुजत सांगितली जायची. वालिदांचे चाचा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचे पायलट होते आणि 1944 साली त्यांना फौजेतून काढून टाकलं. का काढलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या फुफींना, सासरी हा टोमणा आयुष्यभर ऐकावा लागला. शेवटी आम्ही कागद शोधायला बसलो. ज्यांच्या घरी असा एखादा वर्दीतला फोटो असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

सुरुवात फोटोपासूनच करा. छातीवर डावीकडे पंखांचा बिल्ला असतो. दोन पंख असतील तर पायलट. एकच पंख असेल तर तो माणूस विमानातला दुसरा कुणीतरी, आणि अक्षरं त्याचं काम सांगतात. 'एन' म्हणजे नॅव्हिगेटर, 'एजी' म्हणजे एअर गनर, मशीनगन चालवणारा. आमच्या चाचादादांचा पंख एकच निघाला, त्यावर 'एजी'. पायलट नव्हतेच! घरात थोडी नाराजी झाली, खोटं कशाला सांगा.

पण गनरचं काम काय होतं ते समजलं आणि नाराजी गेली. भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे अमेरिकन बनावटीची व्हेंजन्स विमानं होती. माणसं दोनच: पुढे पायलट, मागे गनर. हे विमान हजारो फुटांवरून जवळजवळ सरळ खाली झेपावत बॉम्ब टाकायचं. त्या वेळी मागे तोंड करून बसलेल्या गनरची पाठ जमिनीकडे आणि नजर आभाळाकडे. जमीन किती जवळ आली, हे त्याला दिसतच नसे.

आता मुख्य कागद. प्रत्येक स्क्वॉड्रन रोजची नोंदवही ठेवत असे. तिचा एक फॉर्म दिवसभराचा गोषवारा देतो, दुसरा प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमानाचा क्रमांक, दोघांची नावं, उडाल्याची आणि उतरल्याची वेळ, लक्ष्य. अशा वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात. नाव शोधताना मात्र सबूर हवी. इंग्रजीत 'शेख' तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, 'मोहम्मद'चे हाल तर विचारूच नका. कुठे वडिलांचं नाव आडनाव झालेलं, कुठे नुसती आद्याक्षरं. म्हणून नावाआधी स्क्वॉड्रन शोधा.

आमचे चाचादादा 7 क्रमांकात होते. मार्च 1944 मध्ये ही स्क्वॉड्रन सिलचरजवळच्या उधारबंदला आली आणि इम्फाळच्या लढाईत जपान्यांच्या रस्त्यांवर, तळांवर बॉम्ब टाकू लागली. पानांमागून पानं त्यांचं नाव येतं. आणि मग अचानक बंद. छातीत धस्स झालं. टोमणा खरा होता की काय?

उत्तर विमानात होतं. 1944 मध्येच व्हेंजन्स आघाडीवरून काढली गेली आणि वर्षअखेरीस 7 क्रमांकाला हरिकेन विमानं मिळाली. हरिकेनमध्ये एकच आसन. गनरला बसायला जागाच उरली नाही! एकट्या चाचादादांचंच नव्हे, मागच्या आसनावरच्या सगळ्यांचंच नाव त्या उड्डाणांच्या पानांवरून गेलं.

अर्थात हा आमचा तर्क झाला, पुरावा नव्हे. पुरावा ट्रंकेत होता. डिस्चार्जचा इंग्रजी कागद, सगळं घर उर्दू शिकलेलं, म्हणून कुणी वाचलाच नव्हता. तारखेवर पाणी सांडलेलं. पण वर छापलं होतं 'रॉयल इंडियन एअर फोर्स'. 'रॉयल' हा शब्द हवाई दलाला मार्च 1945 मध्ये मिळाला. म्हणजे त्यानंतरही चाचादादा नोकरीत होते.

फुफींना फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो कागद माझ्याकडे पाठवून दे बेटा. झेरॉक्स नको, असलवाला."