दौलताबादचा ‘कैदी’ सेनापती : मीर जुमला

दौलताबादला जाणारे लोक चाँद मिनार पाहतात, अंधारी वाट चढून येतात आणि पेरू घेऊन घरी परततात. जानेवारी १६५८ मध्ये याच किल्ल्यात मोगलांचा एक बडा सेनापती कैद होता, हे आपल्या शहरातल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव मीर जुमला.

हा इराणच्या अर्दिस्तानचा, तेल विकणाऱ्याचा मुलगा. गोवळकोंड्यात आला, हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झाला आणि थेट कुतुबशाहीचा वजीर बनला. माणूस मोठा अजब! फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निए १६५२ मध्ये त्याला गंडिकोट्याला भेटला, तेव्हा हे साहेब तंबूत अनवाणी बसले होते. पायाच्या बोटांत पत्रे, डाव्या हाताच्या बोटांतही पत्रे. एकेक काढायचे आणि कारकुनांना उत्तर सांगायचे. फाइलींचा ढीग लावणाऱ्या आजच्या साहेबांनी हे वाचावे!

पुढे कुतुबशहाशी बिनसले आणि तो मोगलांकडे आला. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चार शहजाद्यांत तख्ताची लढाई पेटली. मीर जुमलाला आग्र्याहून परतण्याचा हुकूम आला. गेला तर औरंगजेबाच्या हातून सेनापती आणि तोफा दोन्ही जाणार. नाही गेला तर आग्र्यात असलेल्या बायकामुलांचे काय? तोड निघाली ती अशी : औरंगजेबाने त्याला अटक करून दौलताबादला ठेवले आणि तोफखाना ताब्यात घेतला. त्या काळी हिंदुस्थानात असलेला बर्निए ही अटक म्हणजे ठरवून केलेले नाटक होते असे लिहितो. आम्हालाही तेच पटते, कारण सुटल्यावर हा ‘कैदी’ पुन्हा औरंगजेबासाठीच लढला.

फेब्रुवारीत औरंगजेब इथून निघाला. एप्रिलमध्ये धर्मतला त्याच्यासमोर बादशाही फौज घेऊन महाराजा जसवंतसिंह आणि कासिम खान दोघे उभे होते. जानेवारी १६५९ मध्ये खजवाला हेच जसवंतसिंह औरंगजेबाच्या फौजेत होते आणि ऐन लढाईआधीच्या रात्री छावणी लुटून निघून गेले. या लढाईला हिंदू-मुस्लिम रंग देणाऱ्यांनी एवढे दोन प्रसंग तरी वाचावेत. खजवाला मीर जुमला औरंगजेबाच्या बाजूला होता. शुजा हरला, आणि मीर जुमलाने त्याचा पाठलाग करत त्याला शेवटी आराकानात पळायला लावले.

बक्षीस म्हणून बंगालची सुभेदारी मिळाली आणि मग १६६२ ची आसाम मोहीम. राजधानी गढगाव हाती आली, पण पावसाळ्याने फौज अडकली. रोगराई, उपासमार. हिऱ्यांचा हा धनी तेव्हा शिपायांचाच जाडाभरडा भात खात होता. तह करून परतताना मार्च १६६३ मध्ये तो वारला.

मुलगा अमीन खानाला औरंगजेब म्हणाला म्हणे, तुझा बाप गेला, माझा तर सर्वांत ताकदवान आणि सर्वांत धोकादायक दोस्त गेला. बर्निएनेच हे नोंदवले आहे. मीर जुमलाची कबर आसामात मानकाचरच्या टेकडीवर आहे.