लेओपोल्ड त्सुन्त्स आणि उदारमतवादी यहुदी दृष्टि

यहुदी समाजांतील उदारमतवादी दृष्टि धर्म, राज्यव्यवहार व नित्याचार या तिन्ही ठिकाणीं एकच सिद्धांत मांडते; तो असा कीं, परंपरा मुळापासूनच वाढत व बदलत आलेली असल्यानें कालोचित बदल हा तिचा भंग नव्हे. हा सिद्धांत केवळ नव्या विचारांतून निघाला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचा पाया जुन्या ग्रंथांच्या शोधानें घातला गेला, आणि म्हणूनच त्याची हकीकत येथें देणें आम्हांस उचित वाटतें.

लेओपोल्ड त्सुन्त्स (१७९४–१८८६) हा या शोधाचा आद्य प्रवर्तक होय. १८१९ सालीं बर्लिन येथें यहुदी संस्कृति व विद्या यांच्या अभ्यासासाठीं जें मंडळ निघालें, त्याच्या संस्थापकांत तो होता. १८२० ते १८२२ पर्यंत सुधारकांच्या खासगी प्रार्थनामंदिरांत तो जर्मन भाषेंत प्रवचनें करी. सनातनी पक्षानें याविरुद्ध सरकारकडे तक्रारी केल्या. १८२३ च्या डिसेंबरांत प्रशियाच्या राजानें आज्ञा काढली कीं, यहुद्यांची उपासना जुन्या रीतीनेंच व्हावी. भाषा, विधि, प्रार्थना वा गायन यांत यत्किंचितहि नवें आणूं नये. देशभाषेंतील प्रवचन नवें, अतएव निषिद्ध, असा हा पूर्वपक्ष झाला.

उत्तरपक्ष १८३२ सालीं ग्रंथरूपानें आला. सिनेगॉगमध्यें हिब्रू तोरा वाचली जात असतां तिचा अर्थ लोकांच्या अरामी भाषेंत सांगण्याची चाल होती. तिच्यांतून 'तार्गूम' हीं भाषांतरें निघालीं. शब्बाथाच्या व सणांच्या प्रवचनांतून 'मिद्राश' वाङ्मय वाढलें. या सर्वांचा कालक्रम लावून त्सुन्त्सनें दाखविलें कीं, लोकांस समजेल अशा भाषेंत धर्म सांगणें हीच जुनी रीत होय. यहुद्यांस नागरिकत्वाचे हक्क कृपा म्हणून नव्हे, तर न्याय म्हणून मिळावेत, हेंहि त्यानें प्रस्तावनेंत मांडलें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. 'पेसिक्ता' नांवाचा प्राचीन प्रवचनसंग्रह त्या काळीं लुप्त समजला जाई. इतर ग्रंथांत विखुरलेल्या अवतरणांवरूनच त्सुन्त्सनें त्याची रचना ठरविली. पुढें हस्तलिखितें हातीं येऊन १८६८ सालीं सॉलोमन बूबर यानें तो छापला, तेव्हां त्सुन्त्सचा तर्क बहुतांशीं खरा ठरला.

१८३६ सालीं प्रशियाच्या सरकारनें यहुद्यांस ख्रिस्ती नांवें ठेवण्यास मनाई केली. बर्लिनच्या यहुदी पंचांच्या सांगण्यावरून त्सुन्त्सनें यहुदी नांवांचा इतिहास लिहिला. मिश्नेंतील एका आचार्याचें नांव अँटिगोनस, म्हणजे ग्रीक आहे. ज्या देशांत वास, त्या देशाचीं नांवें घेणें ही यहुद्यांची पुरातन चाल, हें त्यानें सिद्ध केलें. बापानें मुलास काय म्हणून हांक मारावी, हाहि प्रश्न जुन्या पोथ्यांपुढें येऊन ठेपला होता.

याच चालीची साक्ष आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल समाजांतहि सांपडते. १७९६ सालीं मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधणारा शमुएल यहेज्केल हा सामाजी हसाजी दिवेकर या नांवानेंच ओळखला जाई. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा 'हग्गादा' १८४६ सालीं मुंबईस हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह शिळाछापावर निघाला. उदारमतवाद्यांची 'ज्यूइश रिलिजस युनियन' ही संस्था मुंबईंत स्थापन झाली ती १९२५ सालीं. तिच्या संस्थापकांत डॉ. जेरुशा झिराड या प्रमुख होत्या. म्हणजे देशभाषेचा स्वीकार येथें त्या पंथाच्या सुमारें ऐंशीं वर्षें आधीं झालेला होता.

तथापि त्सुन्त्स सुधारकांचा भाट नव्हता. जर्मनींतील कांहीं सुधारक सुंतेचा विधि टाकूं लागले, तेव्हां १८४४ सालीं त्यानें सुंतेच्या बाजूनें लेखी अभिप्राय दिला. जें प्रमाण सरकारी आज्ञेपुढें वांकलें नाहीं, तें स्वपक्षाच्या सोयीसाठींहि वांकलें नाहीं. संशोधकाच्या हातीं जुना कागद येतो, तो याच अटीवर येतो, असें आम्हांस वाटतें.