खाऱ्या पाण्याच्या फिशटँकला झाकण: काच की जाळी?

अवसरी खुर्दसारख्या गावात घरी समुद्री मासे पाळायचे, तर मासेही बाहेरून आणि मीठही बाहेरून आणावे लागते. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला. एवढा खर्च करूनही झाकणाचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात. १०० लिटरमधून १० लिटर पाणी उडाले की हे प्रमाण ३९ ग्रॅमच्या जवळ जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर क्षार आणखी वाढतात. म्हणून रोज थोडे क्षारमुक्त गोडे पाणीच घालावे.

काचेच्या झाकणाने पाणी कमी उडते, पण उष्णता कोंडते आणि हवेची ये-जा घटते. एप्रिल-मे महिन्यांत हा सौदा तोट्याचा. टाकी उघडी ठेवली तर पाणी थंड राहते, पण गोबीसारखे मासे उडी मारून बाहेर पडतात आणि मरतात.

मधला मार्ग जाळीचा. प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणून बसवलेली, रंग न सोडणारी नायलॉनची जाळी उत्तम. लोखंडी जाळी गंजते. तांब्या-पितळेची तर कोळंबी आणि प्रवाळांना विषारी. जाळीची भोके बारीक हवीत, कडेला फट नको. जाळी पाण्याचे शिंतोडे अडवत नाही, म्हणून दिवा व वायरी उंच ठेवाव्यात.

दुकानदारांनी मापाची जाळी टाकीबरोबरच विकावी. मासा जगला, तरच गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते.