निरंक

गोवंडी स्टेशनाबाहेर त्या बाई माझी वाट पाहत उभ्या होत्या. राहायला बैंगनवाडीत. धाकटा मुलगा चोरीच्या आरोपावरून सात महिने कच्चा कैदी. मी तुरुंगात समुपदेशनाला जाते, हे त्यांना शेजारणीनं सांगितलं होतं.

‘‘ताई, आत विचारलं तर म्हणतात, चांगला आहे, कुणाला त्रास नाही त्याचा. पण मुलाकातीला येतो नि माझ्याकडे बघतच नाही. आधी बोलायला लागला की थांबायचा नाही.’’

त्रास नाही, हीच तर गोम आहे. जो रात्री ओरडतो, कपडे फाडतो, त्याला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे नेतात; कारण त्याच्यापायी अख्ख्या बराकीची झोप जाते. जो भाकरी तशीच ठेवतो, अंघोळ टाळतो, भिंतीकडे तोंड करून बसतो, तो मात्र शहाणा कैदी ठरतो. दारू सुटलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी भलतंसलतं दिसू लागतं, हात थरथरतात. जिवावर बेतणारा प्रकार. पण ‘नाटक करतोय’ म्हणून तोही दुर्लक्षिला जातो. शिपायाची पाळी बदलते, डॉक्टरांपुढे रांग असते. खरं ठाऊक असतं ते शेजारी अंथरूण टाकणाऱ्या कैद्याला. झोपतो का, जेवतो का, एकटाच पुटपुटतो का, कधीपासून? एवढं त्याला विचारलं तरी निम्मं काम होतं. विचारतो कोण?

कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं १०३ वं कलम मनोरुग्ण कैद्यांविषयी आहे. तुरुंगातल्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी मंडळाकडे अहवाल पाठवायचा. कसला? तर तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही, असं प्रमाणित करणारा! कचेरीच्या भाषेत, निरंक. असा कैदी आत का ठेवला, हे विचारण्याचा अधिकार याच कलमानं मंडळाला दिला आहे. म्हणजे हेतू वाईट नव्हता. पण ज्या कागदावर ‘नाही’ असंच लिहायचं, त्यासाठी ‘आहे’ शोधत कोण फिरेल?

आपल्या मुंबईच्या पत्रकार शीला बर्से १९८२ साली मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-कैद्यांना भेटल्या, तेव्हा कोठडीतली मारहाण उजेडात आली. पुढे त्यांच्याच याचिकेवर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. आरोप असलेल्यांचा प्रश्न उरलाच. आमच्या गोवंडीजवळच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. आत बाहेरचं माणूस नियमानं जाऊ लागलं की अशा गोष्टी कानावर येतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आजार ओळखला, तरी पुढचा रस्ता लांब. तुरुंगातच मनोरुग्ण कक्ष असेल तर तिथं हलवलं की पुरे. नसेल तर मंडळाची पूर्वपरवानगी, मग ठाण्यासारखं इस्पितळ. आणि पोलीस गार्ड! पत्र निघतं, गाडी निघत नाही. उलट भीतीही आहेच. आसामातले मचांग लालुंग १९५१ साली पकडले गेले, मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि खटला न चालताच २००५ साली सुटले. चोपन्न वर्षं! इस्पितळात पाठवलेल्याचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो.

त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, ‘‘वकिलांकडे जायच्या आधी आठवून सांगा. कुठल्या भेटीला काय पाहिलंत?’’ त्यांना लिहिता येत नव्हतं. रमजानच्या आधी, चाळीत पाणी शिरलं त्या आठवड्यात, अशा खुणांनी त्यांनी सांगितलं आणि मी तारखा लावल्या. तोच कागद अर्जाला जोडला. कोर्टानं तपासणीचा आदेश दिला. दोन वेळा गार्ड मिळाला नाही. तिसऱ्या वेळी पोराला नेलं, औषध सुरू झालं.

बाई पुन्हा स्टेशनावर भेटल्या. मला वाटलं, सुटकेचं विचारतील.

‘‘गोळ्या त्याच्या हातात नाही ना देत, ताई? तो टाकून देईल. समोर उभं राहून गिळायला लावतं का कोणी?’’